काळ्या पडद्यासमोर बघण्याचा कार्यक्रम

मार्च एकोणीसशे नव्याण्णव, रविवार. साडेदहाला वाईहून पाहुणे मला बघायला यायचे होते आणि सव्वादहापर्यंत मी केसांत पेन्सिल खोचून कॉम्प्युटरसमोर बसले होते. आईने साडी दोनदा पलंगावर आणून ठेवली. तिसऱ्यांदा ती थेट कीबोर्डवरच ठेवून गेली.

"आगं, माणसं एस्टीतनं उतरली बी आसतील. तू हितं त्या डबड्याफुडं काय करतीस?"

"आई, परवा मंगळवार आहे."

"मंगळवार दर आठवड्याला येतोय. स्थळ येत न्हाई."

आई अंजनाबाई अशीच बोलते. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, पण मंगळवारचं भय मला खरोखर होतं. मी बी.सी.एस.च्या शेवटच्या वर्षाला होते. मंगळवारी कोल्हापूरहून परीक्षक येणार होते आणि मला माझा प्रोजेक्ट माझ्याच मशीनवर चालवून दाखवायचा होता. सांगलीहून सुटणाऱ्या एस.टी. गाड्यांचं वेळापत्रक, रंगीत नकाशासकट. माउसने गावावर टिचकी मारली की गाड्यांच्या वेळा समोर. प्रोग्रॅम तयार होता, प्रत्येक ओळ माझी होती, फ्लॉपीवर सुरक्षित होता. फक्त तो दिसत नव्हता. मंगळवारी पडदा काळाच राहिला तर मी नापास आणि वर्ष वाया. आमच्या माणदेशातल्या सगळ्या भावकीत पदवी घेणारी मी पहिली असणार होते, आणि बाबांनी ते पाटबंधारे खात्यातल्या प्रत्येक टेबलावर टपालाबरोबर पोचवलं होतं. बाबा तिथे शिपाई होते.

दोष माझाच होता. कॉलेजात सगळे जण विंडोजवर प्रोजेक्ट करत होते. सरांना एका मासिकाबरोबर लिनक्स नावाच्या दुसऱ्या सिस्टिमची सीडी फुकट मिळाली आणि त्यांनी वर्गात विचारलं, "ह्यात कोण करतंय?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी हात वर केला. माझा हात डोक्याला विचारत नाही. कॉलेजच्या एका मशीनवर माझं काम झकास चाललं, मग कुणीतरी त्या मशीनवर परत विंडोज टाकलं आणि सर म्हणाले, "तुझं तू बघ आता."

म्हणून बाबांनी जुना कॉम्प्युटर आणला. एका साखर कारखान्याच्या ऑफिसातली जुनी मशीनं विकायला काढली होती, त्यातला एक. तिथले हेडक्लार्क नानासो यांनी तो देताना पोटची पोर सासरी पाठवावी तसा दिला. "सात वर्षं ह्येची खंडेनवमीला पूजा केलीया," ते बाबांना म्हणाले. "एक दिवस आजारी पडला न्हाई. फकस्त झाकन उघडू नगा. आत हवा लागली की ह्यो बिगाडतोय." आणि आतल्या ग्राफिक्स कार्डाचं नाव त्यांनी मला एका चिठ्ठीवर लिहून दिलं. सिरस. खाली सही आणि तारीख सुद्धा घातली.

आता लिनक्सची तेव्हाची तऱ्हा सांगते. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं कशी मुकाट्याने यायची. पण चित्रं हवी असतील, खिडक्या आणि माउस हवा असेल, तर आपलं ग्राफिक्स कार्ड कुठलं आणि मॉनिटर कुठला हे त्याला आपणच सांगावं लागायचं. एक लांबलचक प्रश्नावली यायची. माउस कुठला? कार्ड कुठलं? मॉनिटर एका सेकंदात किती आडव्या रेघा काढतो? आणि मधेच धमकी, चुकीचं उत्तर दिलंत तर मॉनिटर जळू शकतो. सगळं भरून झालं की 'स्टार्टएक्स' असं टाइप करून एंटर मारायचं आणि श्वास धरायचा. माझ्याकडे त्यानंतर पडदा काळा व्हायचा आणि मॉनिटरच्या पोटातून बारीक शिट्टी यायची. मग तीन बोटांची कसरत करून तीन बटणं एकदम दाबायची, बाहेर यायचं आणि पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरुवात. तीन आठवड्यांत मी ती प्रश्नावली एकेचाळीस वेळा भरली होती.

मदत सगळ्यांनी केली. सर म्हणाले, "व्हर्जन बदल." विश्रामबागेतला कॉम्प्युटरवाला म्हणाला, "रॅम वाढवा, आणि मॉनिटरचा आकडा यादीतला सगळ्यात मोठा टाका, चित्र भारी येईल." पुण्याचा चुलतभाऊ फोनवर म्हणाला, "फॉरमॅट मार." एकाच्याही आवाजात तसूभर शंका नव्हती. मला त्यांच्या ज्ञानाचा राग नव्हता, त्या आवाजाचा राग होता.

पाहुणे आले. तिघं होते. मुलाची आई मनुबाई. मुलाचे मामा नाथाजी, सैन्यातून सुभेदार होऊन आलेले, मिशा अजून परेडवर. आणि मुलगा प्रशांत, मार्चच्या सांगलीत गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या कोटात, घामाने डबडबलेला. मी पोह्यांचा ट्रे घेऊन गेले तेव्हा त्याने वर बघायचं सोडून कोपऱ्यातल्या मॉनिटरकडे बघितलं. मॉनिटर चालूच होता आणि शिट्टी घालत होता. बघायचा कार्यक्रम माझा होता आणि मुलगा बघत होता मॉनिटरला. मला मनातून बरंच वाटलं.

"आमचा प्रशांत कॉम्प्युटर इंजिनियर," मामांनी सुरू केलं. "बिलकुल फर्स्ट क्लास. वाईत आसतोय, पन त्येची कामं पुन्यापातूर चालत्यात. लोक गाडी घिऊन येत्यात न्यायला."

प्रशांत पोह्यातले शेंगदाणे मोजत होता.

मुलीने प्रश्न विचारायचे नसतात, पण मी विचारला. "कुठल्या लँग्वेजमध्ये काम करता?"

"मराठीतच," तो म्हणाला.

मी आईकडे बघितलं. आई मुलाच्या साधेपणावर खूश झाली होती. बाबा तर पार विरघळले होते. घरात चालून आलेला कॉम्प्युटर इंजिनियर आणि परवा मंगळवार! त्यांना हा योग म्हणजे खात्याने घरपोच पाठवलेली मंजुरी वाटली असावी. "मग साहेब, आमच्या पोरीचं मशीन जरा बगा की," ते म्हणाले. "तीन आठवडं झालं, आंधळं होऊन बसलंय."

प्रशांतने चमचा बशीत ठेवला. मामा घाईघाईने म्हणाले, "आवं, आज रविवार. इंजिनियर लोक रविवारी हात लावत न्हाईत."

"बघतो," प्रशांत म्हणाला आणि उठला.

मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. हा काय दिवे लावतो ते मला जवळून बघायचं होतं. त्याने कीबोर्डला हात लावला नाही. आधी मॉनिटरला कान लावला. मग मॉनिटरच्या मागच्या जाळीला नाक लावून वास घेतला. मग आतल्या खिशातून टेस्टर काढला. लग्नाची मुलगी बघायला जाताना खिशात टेस्टर ठेवणारा इंजिनियर मी पहिल्यांदाच पाहत होते.

"हे कधी उघडलं होतं?" त्याने खालच्या डब्यावर बोट ठेवलं.

"उघडायचं नाही. आत हवा लागते."

"कोन म्हनलं?"

मी नानासोंचं नाव सांगितलं आणि माझ्याच कानाला ते इतकं खुळ्यासारखं वाटलं की मी लाजले. तीन वर्षं कॉम्प्युटर शिकून मी एका हेडक्लार्कच्या शब्दाखातर झाकणाला हात लावला नव्हता. तोवर प्रशांतने मेन बटण बंद केलं होतं, चार स्क्रू काढले होते आणि झाकण उचललं होतं.

आत देव्हारा होता.

अतिशयोक्ती करत नाही. प्रत्येक कार्डाला हळदीची बोटं ओढलेली, प्रत्येक मोठ्या चिपवर कुंकू, पंख्याच्या पात्यांवर गंधाचे ठिपके, आणि तळाशी झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्यांचा थर. कारखान्याच्या ऑफिसात सात वर्षं खंडेनवमीला झाकण उघडून मशीनच्या आतल्या प्रत्येक अवयवाची पूजा होत होती. हवा लागू नये म्हणून बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस ते बंद ठेवत असतील. कुंकू तेलात कालवलेलं होतं आणि मशीनच्या उष्णतेने भाजून चिपवर पापडी धरली होती.

"आगं बया," मनुबाई म्हणाल्या. "ह्यात कोन बसलंय?"

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आमच्या घरात बुद्धवंदना होते, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, आणि बाबा कुठल्या पूजेच्या प्रसादाला सुद्धा हात लावत नाहीत. "तीन आठवडं हे आमच्या घरात?" ते म्हणाले. "छप्पन सालापासनं आमी ह्यातनं भाईर पडलोय, आन् ह्ये डब्यात बसून आत आलं?"

"बाबा, ते कारखान्याचं आहे. आपलं नाही."

"पुसा आदी!"

पुसायला रॉकेल लागलं. आईने स्टोव्हची बाटली आणि माझ्या जुन्या परकराचं फडकं दिलं. प्रशांतने ग्राफिक्स कार्ड खाचेतून उपसून काढलं, खोडरबराने त्याची सोनेरी किनार घासली आणि चिपवरचं कुंकू रॉकेलने उतरवायला बसला. एक मात्र मी कबूल करते, त्याचे हात बघत राहावे असे चालत होते. एक नेम चुकत नव्हता. सगळ्या घरात रॉकेलचा वास सुटला आणि पोहे तसेच राहिले. थोड्या वेळाने लाल पापडीखालून अक्षरं वर आली.

"हे वाचा," त्याने कार्ड माझ्यापुढे धरलं.

ट्रायडेंट. सिरसचा पत्ता नव्हता. नानासोंनी सहीनिशी दिलेली चिठ्ठी शुद्ध अंदाजपंचे होती, आणि मी तिच्यावर विसंबून एकेचाळीस वेळा लिनक्सला भलत्याच कार्डाचं नाव सांगितलं होतं. मला नानासोंना जाऊन काहीतरी बोलावंसं वाटलं. ते शब्द आईसमोर उच्चारता येण्यासारखे नव्हते.

कार्ड परत बसलं. मी खुर्चीवर बसले, पदर खोचला आणि बेचाळिसाव्यांदा प्रश्नावली भरली. कार्ड कुठलं? ट्रायडेंट. बाकी सगळं पूर्वीसारखंच. स्टार्टएक्स. एंटर. सगळे माझ्या खांद्यावरून वाकले होते, मामांच्या मिशा माझ्या कानाला लागत होत्या.

पडदा उजळला! मी ओरडलेच. पण चित्र नव्हतं. तिरक्या रेघांचे नुसते पट्टे, निळे-पिवळे, एकात एक घुसलेले, आणि शिट्टी आता किंचाळीवर गेलेली.

"झालं की!" मामा म्हणाले. "रांगोळी झ्याक आलीया. चला, पाहुनं, आमाला परवानगी द्या."

"हे चित्र नाही," मी म्हणाले. "नकाशा फाटलाय."

आता मॉनिटरची बारी होती. त्याला किती रेघा झेपतात तो आकडा मागच्या लेबलावर असतो. पण कारखान्याने त्या लेबलावर पांढऱ्या ऑइलपेंटने 'हि. वि. १७' असा हिशेब विभागाचा नंबर घातला होता. बाबांना आता रॉकेलचा भरवसा आला होता. आम्ही नको नको म्हणेपर्यंत त्यांनी फडकं भिजवून जोरात घासलं. रंग गेला, नंबर गेला आणि त्यांच्याबरोबर लेबलही फडक्यावर आलं. बाबा फडक्याकडे बघत राहिले.

तो रेघांचा आकडा मी वळून प्रशांतला सरळ विचारला, "हॉरिझाँटल सिंक किती देऊ?"

"नॉर्मल द्या," तो म्हणाला.

"नॉर्मल म्हणजे किती?"

मामा पटकन पुढे झाले. "आसं हाय, प्रशांत वाईला गेल्यावर फोन करील. त्येच्याकडं मोठी पुस्तकं हायती. मंगळवारच्या आत फोन येतोय बगा. चल रं, ऊट."

हीच वेळ होती. तो उठला असता, हात जोडून गेला असता, तर आमच्या घरात तो इंजिनियरच राहिला असता. आईबाबांनी होकारही कळवला असता. मॉनिटर काळा राहिला याचं खापर मशीनवर फुटलं असतं. मंगळवार फक्त माझा बुडाला असता. मला रडू यायला लागलं होतं आणि ते थांबवायला मी दात आवळून पडद्याकडे बघत होते.

प्रशांतने कोटाची बटणं काढायला सुरुवात केली.

"मी इंजिनियर न्हाई," तो म्हणाला. "मी टीव्ही मेकॅनिक हाय. वाईत गनपती आळीच्या फुडं दुकान हाय माजं. कॉम्प्युटरमधलं मला काय सुद्दा येत न्हाई. त्ये सिंक का काय तुमी म्हनला, त्येचा अर्थ मला ठावं न्हाई. पन ह्या रेघा मला कळत्यात."

मनुबाईंनी पदर तोंडाला लावला. मामा म्हणाले, "गड्या, काय बोलतोस? इलेक्ट्रॉनिक्समदला मानूस म्हंजी इंजिनियरच की वो!" बाबांचा आवाज एकदम खाली गेला. ते रागावले की आवाज खाली जातो. "आमी तुमाला खोटं काय सांगितलं हुतं का?" ते म्हणाले. "मग तुमी का सांगितलं? ऱ्हाऊ द्या आता. हात नगा लावू."

"पाच मिंट द्या," प्रशांत म्हणाला. "मग मी जातो."

"बाबा, पाच मिनिटं," मी म्हणाले.

बाबा बाजूला सरकले. प्रशांतने कोट खुर्चीवर टाकला आणि पडद्यासमोर गुडघ्यावर बसला. आत्तापर्यंत चाचरत बोलणारा माणूस, पण आता तो घडाघडा बोलायला लागला.

"ह्या रेघा हिकडं कलल्यात बगा. म्हंजी तुमचं मशीन लय घाई करतंय आन् मॉनिटरला तेवढं पळवत न्हाई. नऊ पट्टं दिसत्यात, म्हंजी लय फरक हाय. मशीनला हळू घ्यायला सांगता येतंय का?"

येत होतं. तोच तर तो प्रश्न होता. मॉनिटर सेकंदाला किती रेघा काढतो? तिथे मी कॉम्प्युटरवाल्याचं ऐकून दर वेळी यादीतला सगळ्यात मोठा आकडा टाकला होता. तो चुकला असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं, कारण तो मी टाकला होता.

मी आकडा खाली आणला. स्टार्टएक्स. पट्टे पाच. किंचाळीची शिट्टी झाली.

"आनखी."

आणखी खाली. पट्टे दोन. आणखी खाली, यादीतला सगळ्यात लहान आकडा. शिट्टी बंद. दीड पट्टा राहिला, आणि तो ओल्या धोतरासारखा हळूहळू एका बाजूला सरकत होता.

"माज्याकडचे आकडे संपले," मी म्हणाले.

"ऱ्हायलेलं माज्याकडं हाय." त्याने कोटाच्या आतल्या खिशातून एक गुलाबी दांडी काढली. टूथब्रशची दांडी, टोकाला घासून पातळ केलेली. धातूचा स्क्रू-ड्रायव्हर आत घातला तर सेटिंग हलतं आणि वर झटका बसतो, म्हणून टीव्हीवाले हे वापरतात, असं त्याने सांगितलं. मॉनिटरच्या मागे एक बारीक भोक होतं, आत फिरवायची खुंटी. पण मागे बसलं की पडदा दिसत नाही. "आरसा हाय का वो?" त्याने आईला विचारलं.

मला बघायला आलेल्यांसाठी सकाळी ज्या आरशासमोर मी पावडर लावायची होती तो आरसा आईने आणून त्याच्यासमोर धरला. मी पडद्यासमोर बसून सांगायला लागले.

"डावीकडे. नको, परत. थोडं. आणखी थोडं."

दांडी हलेना.

"अहो, फिरवा ना."

"व्हय व्हय," तो म्हणाला. मान लाल झाली होती. आईने आरसा जरा तिरका धरला होता आणि त्यात पडद्याऐवजी मी दिसत होते, हे आईने मला रात्री जेवताना सांगितलं. आईने तो मुद्दाम तिरका धरला होता की काय हे तिने सांगितलं नाही.

दांडी फिरली. पट्टा थरथरला, सरकला आणि एकदम जागेवर जाऊन बसला.

सांगली जिल्हा आला. सातारा आला. मिरजेला लाल ठिपका, कराडला लाल ठिपका, मधून वाहणारी निळी कृष्णा, आणि पडद्याच्या मधोमध माउसचा बाण. दोनशे छप्पन्न रंगांत. मी माउस हलवला तर बाण हलला. मला रडू आलं आणि ह्या वेळी मी ते थांबवलं नाही. मनुबाईंनी पुढे होऊन वाईवर बोट ठेवलं. "ह्ये आपलं गाव?" त्यांनी विचारलं. मी वाईवर टिचकी मारली, गाड्यांच्या वेळा उलगडल्या, आणि मामा चष्मा लावून वाचायला लागले. त्यांची दुपारची गाडी वीस मिनिटांवर होती. त्यामुळे निघतानाची त्यांची लाज पुष्कळशी घाईत झाकली गेली.

प्रशांतने हात रॉकेलच्या फडक्याला पुसले, कोट हातावर घेतला आणि बाबांसमोर उभा राहिला. "चुकलं," तो म्हणाला. "मामांनी सांगितलं म्हनून गप बसलो. बसाय नको हुतं." बाबांनी हात जोडले. बसा म्हणाले नाहीत. तिघं गेले आणि मी सुद्धा तोंडातून एक शब्द काढला नाही. नुसती माउस धरून बसले. नंतर मला स्वतःचाच इतका संताप आला की मी ट्रेमधले गार पोहे सगळे एकटीने खाल्ले.

सोमवारी बाबा ऑफिसातून आले आणि नकाशासमोर बसले. माउस हातात धरून दहिवडीवर टिचकी मारली, वेळा वाचल्या, परत मारली. बराच वेळ असं चाललं होतं.

"पोरगं खोटं बोललं," ते पडद्याकडे बघत म्हणाले.

"हो."

"पन निस्तरून गेलं."

त्यांनी मग म्हसवडवर टिचकी मारली.

मंगळवारी आम्ही रिक्षातून मशीन कॉलेजात नेलं. मॉनिटर मांडीवर घेऊन मी, कीबोर्ड आणि वायरी घेऊन बाबा, डबा दोघांच्या पायांत. प्रयोगशाळेत मी सगळं जोडलं, स्टार्टएक्स टाइप केलं, आणि नकाशा आला. कोल्हापूरचे परीक्षक जाडजूड, शांत, पान खाणारे होते. त्यांनी गावागावांवर टिचक्या मारल्या, प्रोग्रॅमच्या ओळी वाचल्या, चार प्रश्न विचारले. मी धडाधड उत्तरं दिली. मग त्यांनी चष्मा काढला.

"आमच्याकडे चार मशीनवर लिनक्स टाकलंय," ते म्हणाले. "दोन महिने झाले, चारही काळी. चित्र येतच नाही. हे तू कसं आणलंस?"

माझ्यासमोर प्रोजेक्टची वही होती. पहिल्याच पानावर, 'सदर काम मी स्वतः पूर्ण केले आहे', खाली माझी सही. परीक्षकांच्या मागे आमचे सर उभे होते आणि डोळ्यांनी मला खुणावत होते, सांग, मीच केलं म्हणून सांग. दोन शब्दांचं काम होतं. पण रविवारी एका माणसाने अख्ख्या बैठकीसमोर कोट काढून खरं सांगितलं होतं, आणि त्यामुळेच तर मी इथे उभी होते.

"प्रोग्रॅम माझा आहे सर, एकूण एक ओळ," मी म्हणाले. "पण चित्र मी नाही आणलं. ते माझ्या मिस्टरांनी आणलं."

सरांनी डोळे मिटले. परीक्षकांनी माझा अर्ज उचलून जवळ धरला.

"इथे तर कुमारी लिहिलंय. लग्न कधी झालं?"

"झालं नाही सर." माझे कान तापले होते. "त्यांना अजून माहीत नाही."

दारात काहीतरी धाडकन आपटलं. बाबांच्या हातातला वायरींचा गुंडाळा खाली पडला होता.

परीक्षकांनी एकदा बाबांकडे, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मार्कांच्या कागदावर आकडा लिहून तो पालथा घातला. "पास आहेस. चांगली पास आहेस," ते म्हणाले. "आता मला त्या गृहस्थांचा पत्ता दे. चार मशीनं आहेत माझी." मग बाबांना म्हणाले, "तुम्ही वडील का? तुम्हाला ठाऊक होतं हे?"

"न्हाई साहेब," बाबा म्हणाले. ते खाली वाकून वायरी गोळा करत होते आणि त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं. "आत्ताच कळलं."

बाबा वायरींचा गुंडाळा काखेत मारून व्हरांड्यातून पुढे चालू लागले. गेटपर्यंत आलो तेव्हा त्यांनी विचारलं, "हितनं जवळचं तारघर कुटं हाय?"

"स्टेशन चौकात. का?"

"वाईला पत्र जायाला चार दिस लागत्यात." त्यांनी खिशातून खात्याचं पेन काढलं, माझ्या वहीमागचा कोरा कागद फाडला आणि गेटच्या कठड्यावर ठेवला. "पन तारंत लय शब्द बसत न्हाईत. काय लिवू?"

"या," मी म्हणाले. "एवढंच लिहा."